वाळुंजाची लागवड

वैनगंगा, बावनथडी, सूर आणि चुलबंद या नद्यांच्या भंडारा जिल्ह्यात ढासळत्या काठांसाठी झाड निवडताना वाळुंजाचा विचार अगोदर व्हायला हवा, कारण काश्मीरात ज्याच्या लाकडापासून क्रिकेटच्या बॅटी होतात त्या विलोच्याच प्रजातीतले हे देशी झाड उष्ण प्रदेशातील ओल्या काठांवर आपणहून वाढते. 'सॅलिक्स टेट्रास्पर्मा' हे त्याचे शास्त्रीय नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिले. गोधडीतील टाके जुन्या कापडांचे थर जसे एकमेकांना धरून ठेवतात, तशी वाळुंजाची दाट मुळे काठावरच्या गाळाचे थर धरून ठेवतात.

त्याची ओली फांदी चिखलात खोचली तरी मुळे धरते, आणि नेमकी इथेच लागवड करणाऱ्यांची चूक होते. वाळुंजात नरफुले एका झाडावर आणि मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. त्यामुळे एकाच झाडाच्या फांद्या तोडून सगळा काठ लावला, तर तो सगळा नर तरी होतो नाही तर सगळा मादी, आणि जवळपास दुसरे लिंग नसल्यास बी धरत नाही. गोधडीचे टाके झिजले की नवे घालावे लागतात. काठावर ते काम बियांतून उगवलेली रोपे करतात, परंतु नुसत्या नरांच्या रांगेला असे टाके कोण घालणार? शिवाय कापूस लागलेले हे हलके बी थोड्याच दिवसांत रुजण्याची शक्ती गमावते, त्यामुळे ते पडताना ओला, उघडा गाळ मिळावा लागतो. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे वैनगंगेचे काठ बदलले असल्याने अशा जागा कोठे उरल्या, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

सालीतील सॅलिसिन या द्रव्याचे ॲस्पिरिनच्या इतिहासाशी असलेले नातेही सांगण्याजोगे आहे; मात्र वेळ थोडा असल्याने मूळ मुद्दाच पुन्हा सांगणे इष्ट ठरते. फांद्या दोन्ही लिंगांच्या हव्यात, आणि त्याही अनेक झाडांच्या. पावसाळा सरल्यावर फुलोरा येतो, तेव्हा पुंकेसरांमुळे पिवळसर दिसणारे तुरे नराचे आणि हिरवट, पुढे कापूस सोडणारे तुरे मादीचे, हे ओळखून खोडांवर चुन्याच्या वेगवेगळ्या खुणा कराव्यात, कारण तुरे गळल्यावर दोन्ही झाडे सारखीच दिसतात, आणि फांद्या तोडताना त्यांच्या मोळ्याही वेगळ्या बांधाव्यात.