साहेबाची चिठ्ठी आणि अर्जाची तारीख

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितले, "काका, या वर्षी मुलांच्या करिअरवर बोला." मी काही शिकलेला माणूस नव्हे. दहावीला गणितात अडकलो, सूतगिरणीत बदली म्हणून लागलो आणि रिंग खात्यात आयुष्य गेले. जे वाचले ते रात्रपाळी करून, दिवसा वाचनालयात बसून. डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज कार्टूनवर बोलणार आहे. हसू नका. मीही एकदा हसलो होतो आणि ते मला महागात पडले.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणापासून वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढायची आणि पानं भरभर उलटून ती हलवून दाखवायची. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा झाल्या. बारावीनंतर म्हणाली, मला अ‍ॅनिमेशन शिकायचंय. आम्ही घरात म्हणालो, कार्टून काढून कुणाचं पोट भरलंय? पण तिने ऐकले नाही. कर्ज काढून एका खासगी क्लासची फी भरली. क्लास संपला आणि पुण्याच्या एका स्टुडिओची जाहिरात निघाली, इंटर्नशिपची. इंटर्नशिप म्हणजे आपली जुनी उमेदवारीच. काम करता करता शिकायचे, थोडेफार विद्यावेतन मिळते. जागा दोन-चार आणि अर्ज शेकड्याने.

पोरगी अर्ज तयार करून माझ्याकडे आली. "मोठे बाबा, एकदा बघा, आज पाठवते." मी म्हणालो, "थांब. नुसत्या अर्जाने काय होतंय? माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत. त्यांची चिठ्ठी जोडू, वजन पडेल." चळवळीत तीस वर्षं काढलेला माणूस मी, मोर्चे काढले, निवेदनं दिली, वशिल्याविरुद्ध भाषणं केली. आणि घरच्या पोरीचा अर्ज आला तेव्हा मीच वशिला शोधायला निघालो. साहेब दौऱ्यावर होते. दोन खेपा घातल्या. चौथ्या दिवशी चिठ्ठी मिळाली. अर्जाची तारीख आदल्या संध्याकाळी संपली होती.

पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ती चिठ्ठी अजून माझ्या ट्रंकेत आहे. आज इथे उभे राहून हे सांगतो, कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही. आपल्या पिढीला अर्जावर विश्वास नाही. तो का नाही, त्याला कारणे आहेत, ती मी नाकारत नाही. पण त्या वेळी तिची संधी दुसऱ्या कुणी हिरावली नव्हती. मी हिरावली होती.

आता या धंद्याची थोडी माहिती सांगतो. मी ती नंतर वाचून मिळवली.

पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रं सरकतात. हाताने काढताना बहुधा एक चित्र दोनदा घेतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका मिनिटाला ७२० झाली. मुख्य चित्रं अनुभवी माणूस काढायचा आणि मधली चित्रं नवीन उमेदवार भरायचे. आमच्या गिरणीत जसा बदलीवाला आधी तुटलेले धागे जोडायला शिकतो, मग त्याला साचा मिळतो, तसेच हे. आता बरेच काम संगणकावर होते, पण हात आणि नजर बसायला लागतो तो वेळ तेवढाच लागतो.

आणि ही विद्या परकी आहे असे समजू नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच आगकाड्या हलत्या करून 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला होता. पुढे १९५६ साली मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ आले. डिस्नेच्या स्टुडिओत 'बांबी'सारख्या चित्रपटांवर काम केलेला हा माणूस. त्यांच्या हाताखाली जी तरुण मुले उमेदवार म्हणून लागली, त्यांत राम मोहन होते. त्यांची पदवी रसायनशास्त्राची, चित्रकलेची नव्हे. हेच राम मोहन पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले, २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते गेले.

या उमेदवार मुलांना घेऊन १९५७ साली जो चित्रपट झाला, त्याचे नाव 'द बनियन डिअर'. बंधूंनो, ही आपली निग्रोधमिग जातकातली कथा आहे! आणि त्यातली चित्रं काढताना आधार घेतला तो अजिंठ्याच्या चित्रांचा. ज्या लेण्यांत आपण सहलीला जातो, डबा खातो आणि परत येतो, त्या भिंतींवरून या देशातली एक अख्खी पिढी हे काम शिकली. त्याच्याही आधी, १८७२ ते १८८५ या काळात, मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येत आणि त्या चित्रांच्या नकला उतरवून घेत. तीही एक प्रकारची उमेदवारीच होती. मुंबईची पोरं त्या काळात डोंगर तुडवत आली. आपल्याला एसटीने शंभर-एक किलोमीटर जायचे आहे.

दूरदर्शनवरचे 'एक, अनेक और एकता' आठवते ना? ते १९७४ सालचे. त्यामागे होत्या विजया मुळे, मराठी बाई, आणि चित्रं हलती केली ती भीमसेन यांनी. ते बघताना ते कुणीतरी बसून काढलंय, त्याची कुणाला तरी मजुरी मिळालीय, हे माझ्या कधी डोक्यात आले नाही.

पुन्हा पोरीकडे येतो. दुसऱ्या वर्षी तिने मला न विचारता सहा ठिकाणी अर्ज केले. पाच ठिकाणांहून उत्तरच नाही. मी लगेच म्हणालो, आडनाव बघितलं असणार. कुठे तसे होतही असेल. पण सहाव्या ठिकाणच्या एका भल्या माणसाने चार ओळी लिहिल्या होत्या. त्याचा अर्थ असा, की उड्या मारणारा चेंडू आणि चालणारा माणूस आम्ही प्रत्येक अर्जात बघतो, क्लासमध्ये सगळ्यांना तेच देतात. यात तुम्ही स्वतः केलेले कोणते, हेही लिहिलेले नाही. तुम्ही काय पाहिले आहे ते दाखवा.

पोरीने ती चिठ्ठी भिंतीला लावली. साहेबाच्या चिठ्ठीपेक्षा ती जास्त कामाची निघाली. मग दोन-तीन संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आजीसमोर वही घेऊन बसली. आजी, म्हणजे माझी आई, भाकरी थापत होती. त्यातून तिने नऊ सेकंदांचा तुकडा केला, १०८ चित्रं. परातीत हात फिरतो, भाकरी गोल होत जाते, आजी मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळ पुसते आणि मान वळवून दाराकडे बघते. मी विचारले, "ती दाराकडे कशाला बघते गं?" पोरगी म्हणाली, "तुमची दुसरी पाळी सुटायची वेळ झालेली असते ना."

तीस वर्षं मी ती भाकरी खाल्ली. आई दाराकडे बघते हे मला त्या नऊ सेकंदांत पहिल्यांदा दिसले.

तिसऱ्या वर्षी तो तुकडा सर्वांत आधी ठेवून तिने अर्ज केला. एका स्टुडिओने दोन दिवसांत करायचे काम दिले, मग मुलाखत झाली आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. आज ती पुण्यात तिघींबरोबर एका खोलीत राहते. कायम नोकरी अजून नाही. मी खोटा बँडबाजा वाजवणार नाही.

मुलांनो, तिच्याकडून विचारून काही गोष्टी लिहून आणल्यात, त्या ऐका.

पहिली, जाहिरात पूर्ण वाचा. तारीख, वेळ, फाईल कोणत्या प्रकारची मागितली, सगळे. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका आणि कुणा साहेबाची तर मुळीच नको. दुसरी, आपल्या कामाची रीळ मिनिटभराची पुरते. सर्वांत चांगले ते पहिल्यांदा, कच्चे ते काढून टाका. चौघांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा कोणता, ते स्पष्ट लिहा. तिसरी, रोज माणसं बघून चित्रं काढा. शहागंजात भाजीवाल्या आहेत, बसस्टँडवर हमाल आहेत, इथे वंदनेला वाकणारी आपली आजी आहे. चौथी, इंग्रजीची भीती धरू नका. साधी चार वाक्ये लिहा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. पाचवी, इंटर्नशिप देतो म्हणून जो तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याच्या दारात उभे राहू नका. किती महिने, काय काम, किती विद्यावेतन, हे कागदावर घ्या. हे मी कामगार म्हणून सांगतो. तोंडी शब्दावर आमची किती वर्षं गेली ते आम्हालाच ठाऊक.

खासगी क्लासच्या फीत घर गहाण टाकण्याआधी सरकारी दारं ठोठावा. आपल्या शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, पवईच्या आयआयटीत आयडीसी आहे. तिथे प्रवेश परीक्षा आहे आणि आरक्षणही आहे. २०२५ साली मुंबईत पेडर रोडला, जिथे पूर्वी फिल्म्स डिव्हिजन होते त्या आवारात, या विषयाची नवी राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली आहे. महागड्या सॉफ्टवेअरवाचून अडायचेही कारण नाही. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यावर केलेल्या 'फ्लो' या लाटव्हिया देशाच्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले.

पालकांनो, आता दुसरी बाजू. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे काय झाले ते आपण पाहिले. या नव्या गिरण्याही बंद पडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जगभर पसरलेली कंपनी कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतल्या सुमारे ३ हजार जणांचे काम एकदम गेले. संगणकाची नवी बुद्धी आता मधली चित्रं स्वतःच भरू लागली आहे, म्हणजे उमेदवारांचेच काम खाऊ लागली आहे. म्हणून मुलांना पाठवताना डोळे उघडे ठेवून पाठवा. नाही मिळाले तर टोमणे मारू नका. मिळाले तर पहिल्या दोन महिन्यांचे खोलीभाडे कुठून येणार, ते आधी बघा. आपली पोरं गुणवत्तेत मागे पडत नाहीत. ती डिपॉझिटच्या पैशाला मागे पडतात.

शेवटी त्या जातक कथेकडे येतो. रोज एका हरणाची पाळी. एक दिवस पाळी गाभण हरिणीवर येते. ती आपल्या कळपाच्या राजाकडे जाते, तो म्हणतो, तुझी पाळी आहे, मी काय करू? मग ती निग्रोध राजाकडे जाते, आणि तो तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. मी माझ्या पुतणीच्या वेळी पहिल्या राजासारखा वागलो, तिच्या गरजेपेक्षा मला माझा मान मोठा वाटला. निग्रोधाएवढे मोठे होणे मला या जन्मी जमणार नाही. पण एक टेबल मला जमेल.

विहाराच्या वरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. ती खोली मोकळी करू. एक संगणक, एक टेबल, इंटरनेट आणि भिंतीवर एक मोठे कॅलेंडर लावू, ज्यावर फक्त अर्जांच्या शेवटच्या तारखा लिहायच्या. संगणकाला माझ्याकडून पाच हजार रुपये मी आज समितीकडे जमा करतो. पुतणी म्हणाली आहे, सुट्टीला येईन तेव्हा दोन दिवस पोरांची कामं बघेन. आणि कॅलेंडरवर तारखा लिहायचे काम माझ्याकडे द्या. ते मी चुकवणार नाही.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!