घोडा कोणाच्या मालकीचा?

प्राचीन ग्रीसचे अभ्यासक एक प्रश्न हटकून विचारतात: लढणाऱ्याच्या हातातले हत्यार कोणाच्या पैशाचे? स्वखर्चाने ढाल-भाला घेऊन रांगेत उभा राहणारा शेतकरी नगराच्या कारभारात वाटा मागू लागला. पुढे इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसची लढाई आरमाराने जिंकली आणि ढाल घेण्याचीही ऐपत नसलेल्या वल्हेकऱ्यांचे अथेन्सच्या राजकारणात वजन वाढले. हाच प्रश्न मराठ्यांच्या इतिहासाला विचारून पाहावा, एवढीच आजची मांडणी आहे.

शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीला येई. बखरकार सभासद सांगतो की शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, आणि लूट सरकारजमा. याकडे केवळ लष्करी शिस्त म्हणून पाहणे अपुरे आहे. घोडा सरकारचा असला की स्वार वतनदाराचा मिंधा राहत नाही, तो थेट गादीशी बांधला जातो. देशमुखांना वेसण घालण्याचे काम जितके फर्मानांनी केले, तितकेच पागेने केले.

१६८९ मध्ये हे उलटले. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीकडे गेले. पगाराला पैसा नव्हता, म्हणून जो फौज उभी करील त्याला मुलूख लावून देणे भाग पडले. कोणी म्हणेल, ही दारिद्र्याची कथा झाली, यात युद्धाचा काय संबंध? पण १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्या, उत्पन्नाची वाट मोकळी झाली, तरी असे लावून दिलेले मुलूख, म्हणजे सरंजाम, गेले नाहीत. गुजरात, माळवा अशा दूरच्या आघाड्या ज्या त्या सरदाराने आपापल्या स्वारांवर पेलल्या होत्या. त्यांच्याकडून घोडा परत कोण मागणार?

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. स्पार्टातही तसेच भालाईत होते, तिथे लोकशाही का आली नाही? आणि आपल्याकडे सभा कुठे भरली? हे खरे आहे. हत्यारावरून राज्याचा प्रकार ठरत नाही. राज्यकर्त्याला कोणाची मनधरणी करावी लागेल, हे मात्र बरेचसे ठरते.

मराठवाड्यातल्या उदगीरला १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि साठ लाखांचा मुलूख मिळवला. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. गारद्यांना, या कवायती शिपायांना, रोख पगार लागे, म्हणजे बळाची दोरी पुन्हा खजिन्याकडे. पुढच्याच वर्षी पानिपतावर तोफांच्या आधाराने गोल करून लढायचे की गनिमी काव्याने, असा वाद पेटला. गोलाच्या लढाईला मल्हारराव होळकरांचा विरोध अनुभवातून आलेला होताच, पण तोफा जिंकल्या असत्या तर सरदारांच्या स्वारांची किंमत उतरली असती, हेही विसरता येत नाही. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभारल्या खऱ्या, पण त्यांचा पगार निघे शिंद्यांच्या मुलखातून; पुण्याची हुकमत त्यांवर नव्हती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात, याच मराठवाड्यात, इंग्रजांसमोर त्या पलटणी आणि नागपूरकर भोसले उभे होते. यशवंतराव होळकर आपली फौज घेऊन लांब राहिले.