अणुराखेचा हिशेब

माडबनच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या किरणोत्सारी राखेची फारशी होत नाही. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ची. या राखेतील प्लुटोनियमचे निम्मे तेज ओसरण्यास २४,००० वर्षे लागतात. इतकी राखण करणार कोण? १९८३ साली स्थापन झालेले नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगाला जबाबदार आणि आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचाच सचिव! हिशेब लिहिणारा नि तपासणारा एकाच घरचा. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये यावर बोट ठेवले. २०२५च्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, ठीकच. परंतु विजयदुर्ग खाडीतल्या मच्छीमाराला काय मिळाले? प्रकल्पाआधीच पाण्याची, मासळीची मोजणी खात्याबाहेरच्या तज्ज्ञांनी करावी. आकडे ग्रामसभेत मराठीतून वाचावेत, ही आपली मागणी आहे.