उपाशी माणसाची साखर

रात्री आठला दोन भाकऱ्या खाल्ल्या, नंतर पाण्याखेरीज काही नाही. तरी सकाळी रक्तात साखर दीडशे! ही तक्रार डोंबिवली लोकलमध्ये मी कितीदा ऐकली आहे. मग माणसं रात्रीचं जेवणच सोडतात. आकडा तरीही हलत नाही.

कारण ही साखर यकृताने दिलेली असते. उर्दूत यकृताला जिगर म्हणतात. शायरांनी ते प्रेमात खूप जाळलं. प्रत्यक्षात ते कोठावळ्याचं काम करतं. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात एका वेळी साखर असते चमचाभर, चार-पाच ग्रॅम. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम लागते. जेवल्यावर स्वादुपिंडातून सुटलेलं इन्सुलिन आधी यकृताकडेच जातं आणि बजावतं, ‘आता साठव, देणं थांबव.’ यकृत शंभरेक ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात ठेवून घेतं. पोट रिकामं झालं की इन्सुलिन ओसरतं, ग्लुकागॉन कोठार उघडायला लावतं. साठा सरत आला, तर यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासूनही साखर घडवतं. यकृत साखर तयार करतं, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी 1848 मध्ये दाखवलं. इन्सुलिन हाती आलं 1921 मध्ये.

टाइप 2 मधुमेहात यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. कोठाराचं दार रात्रभर किलकिलं राहतं, पहाटे आणखी उघडतं. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः हे दार ओढून घेते. यकृताला असं बहिरं करण्यात पोटातल्या चरबीचा मोठा हात असतो, आणि ती सडपातळ माणसातही असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय सारखाच. पण चरबी याज्ञिकांची 21 टक्के, त्यांची 9. ‘लॅन्सेट’ने 2004 मध्ये दोघांचा फोटोच छापला होता!

रोज्याच्या तेरा-चौदा तासांत निरोगी माणसाला यकृत सांभाळून नेतं. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचं औषध उपाशीपोटीही साखर उतरवत राहतं. कल्याणच्या दूधनाक्यावरचे आमचे एक चाचा असरनंतर घामाघूम झाले, हात थरथरू लागले. तरी रोजा सोडायला तयार नव्हते. सुनेने शेवटी बळेच खजूर भरवला. साखर सत्तरच्या खाली गेली, तर रोजा तिथेच सोडावा. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनाही धोका हाच. डोस कमी करायचा की वेळ बदलायची, हे महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, चाँदरातीला नव्हे.