चांद्याचे लोखंड आणि विद्येचे दान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या प्रसंगी आपण आपल्या समाजातील एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीचे गुणवर्णन करतो. ती प्रथा योग्यच आहे. यंदा मात्र ज्यांचे स्मरण करावे असे आम्हांस वाटले ते पुरुष आपल्या ज्ञातीचे नव्हेत. एक नवसारीचे पारशी, दुसरे बंगाली, तिसरे कामठीचे. परंतु भूमीच्या पोटातील धन आणि विद्येचे दान यांची सांगड त्यांनी अशी घातली, की चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशात राहणाऱ्या आपणां सर्वांना तिच्यातून काही शिकावयाचे आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव आपणांस परके नाही. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरास त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतर पाच वर्षांनी, 1882 साली, रिटर फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल त्यांच्या हाती पडला. जिल्ह्यातील उत्तम खनिज लोहारा येथे आहे, आणि वरोऱ्याची कोळशाची खाण तेथून फार दूर नाही, असा त्यातील आशय होता. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढावा ही कल्पना जमशेटजींच्या मनात रुजली ती या अहवालामुळे. जमशेदपूरच्या भट्ट्यांचे मूळ आपल्या चांद्याच्या लाल मातीत आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची परीक्षा करविली. पोलादाच्या भट्टीस लागतो तसा कोक त्या कोळशापासून होईना. खाणींविषयीचे सरकारी नियमही जाचक होते. बेत बाजूस ठेवावा लागला, तरी त्यांनी तो सोडला नाही. पुढील सतरा वर्षे ते लोखंड-पोलादाविषयीची कात्रणे जमवीत राहिले. 1899 मध्ये नियम सैल झाले, तेव्हा साठीचे जमशेटजी पुन्हा कामास लागले. अमेरिकेत जाऊन त्यांनी चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्यास गाठले, आणि पेरिन यांनी आपला सहकारी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यास हिंदुस्थानात पाठविले.

वेल्ड, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि आप्त शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याच्या जंगलात तळ दिला. हे सकलातवाला पुढे, 1922 साली, ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. वाघांचा वावर, पाण्याचे दुर्भिक्ष आणि बैलगाडीचा प्रवास अशा स्थितीत ही मंडळी टेकडी-टेकडी तपासीत हिंडली. लोहाऱ्याचे खनिज उत्तम प्रतीचे होते. पण मोठ्या कारखान्यास वर्षानुवर्षे पुरेल इतके नव्हते. वेल्डने ते स्पष्ट सांगितले, आणि मालकांनी ते ऐकले. मनाजोगते उत्तर न देणाऱ्या शास्त्रज्ञाचा शब्द मानणे सोपे नसते. त्यातही बावीस वर्षे उराशी धरलेल्या स्वप्नाची ती गोष्ट होती.

निराश झालेले दोराबजी नागपुरास सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्यास भेटावयाचे ते जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता. त्यावर दुर्गजवळ लोहखनिजाची खूण त्यांना दिसली. वेल्ड तिकडे गेले, तो डल्ली-राजहराच्या टेकड्या जणू लोखंडाच्याच होत्या. आज त्या छत्तीसगडात आहेत आणि भिलाईच्या कारखान्यास त्यांनी खनिज पुरविले आहे.

येथे दुसरे पुरुष येतात. त्या भागाची पाहणी करून लोहखनिजाची नोंद 1887 साली प्रसिद्ध करणारे भूवैज्ञानिक म्हणजे प्रमथनाथ बोस. 1855 साली जन्मलेले बोस शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकले आणि 1880 मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षणात अधिकारी झाले. 1903 साली त्यांना डावलून त्यांच्या हाताखालच्या गोऱ्या अधिकाऱ्यास संचालकपद देण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानची नोकरी पत्करली. तेथील गोरुमहिसानी टेकडीतील लोहखनिजाविषयी 24 फेब्रुवारी 1904 रोजी त्यांनी टाटांस पत्र लिहिले. त्या पत्राने पुढचा मार्ग ठरला. डल्ली-राजहराजवळ सोयीचे पाणी आणि कोकचा कोळसा नव्हता; मयूरभंजाच्या बाजूस दोन्ही जुळून येत होते. 1907 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1912 मध्ये साकची येथे पहिले पोलाद निघाले. जमशेटजी ते पाहण्यास राहिले नाहीत. 19 मे 1904 रोजी त्यांचे निधन झाले होते.

बोस यांनी आपली विद्या पुढच्या पिढीच्या हाती दिली. 1906 साली कलकत्त्यास निघालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते मानद प्राचार्य झाले. त्या रोपट्याचाच पुढे जादवपूर विद्यापीठ हा वृक्ष झाला. जमशेटजींनी तर 1898 मध्येच विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली होती. तिच्यातून 1909 साली बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. पोलादाचा कारखाना आणि विज्ञानाचे विद्यापीठ ही दोन्ही स्वप्ने एकाच पुरुषाने एकाच काळात बाळगली होती. भूमीतून काढावयाचे असेल तर तिला जाणणारी माणसे आधी घडवावी लागतात, हे त्यांस पक्के उमगले होते.

तिसरे पुरुष आपल्या विदर्भाचे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 साली मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाख रुपये नागपूर विद्यापीठास ठेवले. उपयोजित विज्ञानाचे शिक्षण मिळावे हा हेतू. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था अस्तित्वात आली, आणि 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपला प्रदेश 2011 पर्यंत नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होता. म्हणजे हे दान आपल्या दारचेच होय.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले तिच्याकडे वळतो.

1892 साली जमशेटजींनी परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापिला. आरंभी तो केवळ पारशी विद्यार्थ्यांकरिता होता. आपल्या मंडळाचा विद्यार्थी-निधी जसा आपल्या मुलांकरिता आहे, अगदी तसाच. परंतु दोनच वर्षांत, 1894 मध्ये, त्यांनी त्याचे दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांस उघडले. रक्कम कर्जाऊ दिली जाई; शिकून मिळवता झालेला विद्यार्थी ती परत करी आणि तिच्यावर दुसरा शिके. केरळातील दलित कुटुंबात जन्मलेले, पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन या निधीच्या साहाय्याने लंडनला शिकले. आपले जयंत नारळीकर याच शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. दार उघडल्याने पारशी समाजाचे काय कमी झाले? त्याचे नाव तेवढे मोठे झाले.

आपल्यासमोर प्रश्न असा आहे. एटापल्लीतील सुरजागडच्या टेकडीवर गेल्या काही वर्षांत लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाले आहे. त्याच डोंगरावर माडिया बांधवांचा ठाकुरदेव आहे. जंगल, देव, रोजगार आणि कारखाना यांची तेथे जी ओढाताण चालली आहे, तिचा निवाडा या व्यासपीठावरून करण्याचा आमचा अधिकार नाही. पण एवढे आम्ही निश्चित म्हणू, की त्या निवाड्यात बोलण्यासाठी त्या गावांतील मुलांजवळ भूगर्भाची विद्या असली पाहिजे. खनिज किती, पाणी कोठून जाते, खोदल्यावर नाल्याचे काय होईल, हे सांगणारा माणूस दरवेळी बाहेरून का यावा?

गडचिरोलीस 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे नाव गोंडांच्या भूमीचे. आणि तेच नाव भूवैज्ञानिकांनी कोळसा धारण करणाऱ्या खडकांस व एका प्राचीन महाखंडास दिले. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे लहानसे गाव आहे. तेथील चुनखडकात प्राचीन मासे शिळारूप झालेले सापडले, म्हणून त्या खडकांस जगभर कोटा याच नावाने ओळखतात. जगाने ज्या भूमीची नावे उचलली, त्या भूमीच्या मुलांना तिचे शास्त्र अपरिचित राहावे, हे शोभत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. मंडळाच्या निधीतून प्रतिवर्षी एक शिष्यवृत्ती भूविज्ञानासाठी वेगळी काढावी. ती या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही जातीच्या वा जमातीच्या मुलास किंवा मुलीस खुली असावी. आणि शक्य तेथे ती परतफेडीच्या बोलीवर द्यावी. आमच्या काही वडीलधाऱ्यांस वाटेल, की आपलीच गरजू मुले अजून रांगेत उभी आहेत. ती चिंता खरी आहे, आणि निधीचा मोठा भाग त्यांच्याचकरिता राहील. परंतु धानाची शेते, लाकडाचे डेपो, कोळशाच्या खाणी आणि शाळा-कचेऱ्या यांवर आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेलो. या भूमीचे अन्न खाल्ले, तिचे काही देणे लागतो. दहा शिष्यवृत्त्यांतील एक दुसऱ्याच्या मुलास दिली, तर आपले ताट रिकामे होत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव येईल. तेव्हा लोहाऱ्याच्या टेकडीवर आलेले अपयश आणि 1894 साली उघडलेले ते दार, या दोहोंचे स्मरण ठेवून आपण मत द्यावे, एवढीच विनंती करून आणि आज गौरव झालेल्या सर्व मुलामुलींस आशीर्वाद देऊन आम्ही आपली रजा घेतो.