गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलणारे या सभागृहात माझ्याखेरीज निदान चौघं तरी आहेत. सकाळी पार्किंगमध्ये मात्र पुण्या-मुंबईच्या इतक्या गाड्या दिसल्या, की विषय तिथेच बदलला. उद्या तुम्ही समृद्धीवरून परत जाणार. म्हणून मी इंजिनातल्या ठिणगीबद्दल बोलते. माझी नोकरी सॉफ्टवेअरची, पण त्यातली बरीच वर्षं गाडीच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली आहेत.

आपल्या लहानपणी घरोघरी फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसिडर होती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, पत्ती घालून गॅप बघायचा, हे कित्येकांच्या वडिलांना घरीच जमायचं. नागपूरच्या मे महिन्यात तीच गाडी भर चौकात बंद पडली, की पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. गंमत अशी, की तिथे ठिणगी ठणठणीत असायची. उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असायचा. इंजिनाला ठिणगी, इंधन आणि दाब असं तिन्ही लागतं. एक गेलं तरी गाडी झटके खाते, आणि आत बसलेल्याला तिन्ही झटके सारखेच वाटतात. म्हणून ‘मिसिंग मारते’ म्हटल्याबरोबर प्लग बदलणारा मेकॅनिक मला पटत नाही.

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करते. एवढी ताकद लागते कशाला? प्लगच्या टोकांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची, पण तिथली हवा दाबलेली असते. दाब जितका जास्त, तितकं ठिणगीला उडी मारणं अवघड. म्हणून कमजोर कॉइलची गाडी घरासमोर उभी असताना गुळगुळीत चालते, आणि वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हिसके देते. गॅरेजवाला जागेवरच रेस करून “काही नाही ताई, ठीक आहे” म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने फक्त गाडीवर लोड टाकलेला नसतो. पावसाळ्यात उलटं होतं. जुन्या वायरला तडा असला, की ओलाव्यातून करंट बाहेरच पळतो. रात्री बॉनेट उघडलं तर निळी चमक डोळ्यांना दिसते. बघा फक्त, हात लावू नका.

आता माझ्या आवडीचा भाग. ठिणगी चुकली हे कंट्रोलरला कळतं कसं? सिलिंडरमध्ये कोणी डोकावत नाही. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ते ६० दात्यांचं असतं आणि खूण म्हणून त्यातले दोन दाते गाळलेले असतात. म्हणजे दर सहा अंशांना एक दाता. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला शंभर स्फोट होतात, प्रत्येकाला दहा मिलिसेकंद. एक स्फोट हुकला, की तेवढ्या अर्ध्या फेरीत शाफ्ट किंचित मंदावतो. तो ‘किंचित’ मोजायचा असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे धक्केही शाफ्टपर्यंत पोचतात, आणि हा धक्का खड्ड्याचा की हुकलेल्या ठिणगीचा, हे सॉफ्टवेअरला ठरवावं लागतं. आपल्या गल्ल्यांमधून गाडी नेली, की ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची कीव येते.

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत हे बसवणं सक्तीचं झालं. पी ०३०२ असा कोड आला, तर दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. बस, तेवढंच. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही.

मागच्या मे महिन्यात आईला घेऊन पुण्याहून येत होतो. मेहकर मागे पडलं आणि गाडी थरथरायला लागली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला नव्हता, तो लुकलुकत होता. या दोन्हींत फार फरक आहे. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल धुराड्यात जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतंय. तिथलं तापमान फार वाढलं, की आतली चिनीमातीची जाळी वितळते आणि हजारोंचा भुर्दंड बसतो. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी केली, तर गवत पेट घेऊ शकतं. विदर्भातला मे आठवा. वेग साठवर आणला, एसी बंद केला आणि कारंज्याला खाली उतरलो. बेचाळीस डिग्रीत आई मागे पदराने वारा घेत होती, आणि मी काहीतरी ठरवावं म्हणून माझ्याकडे बघत होती.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी माझा रीडर सुरू व्हायच्या आत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघितला. तीन कनेक्टर काढताना इंजिन दचकलं, एक काढला तेव्हा त्याला पत्ताच नव्हता. “ताई, दोन नंबर कामच नाही करून राह्यला.” रीडरनेही तेच सांगितलं. कॉइल नवी घ्यावी का, असा विषय निघाला. त्याआधी दोन आणि तीन नंबरच्या कॉइलींची अदलाबदल केली. कोड तीनवर गेला असता तर कॉइल दोषी. तो दोनवरच राहिला. मग प्लगची अदलाबदल केली, आणि कोड तीनवर! प्लग उन्हात धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ होती. आठवड्यापूर्वी एका वर्कशॉपमध्ये प्लग बदलले होते, तेव्हाच पाना तिरका लागून तडा गेला असावा. करंट त्या तड्यातून बॉडीत उतरत होता. एका प्लगचे पैसे दिले, आणि काकांना मजुरी घ्यायला बरंच आर्जव करावं लागलं.

इथे एक नागपुरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवर चालणारी बस आपल्याच शहरात सुरू झाली होती. त्या इंजिनात ठिणगी नव्हतीच. डिझेलसारखं नुसत्या दाबाने पेटवायचं, पण इथेनॉल तसं सहज पेटत नाही. म्हणून हवा २८ पट दाबायची आणि इंधनात पेट घ्यायला मदत करणारं रसायन मिसळायचं. आज तेच इथेनॉल आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के आहे. त्याला पाणी धरायची खोड आहे, त्यामुळे महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी झटके देऊ लागली, तर टाकीकडेही बघा.

रीडर माझ्या पर्समध्ये आहे. फोनएवढाही नाही, आणि स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये बसतो. जेवणानंतर मी पार्किंगमध्ये लिंबाखाली उभी असेन. ज्यांचा पिवळा दिवा लागलेला आहे त्यांनी किल्ली घेऊन यावं, आणि ज्यांचा लुकलुकतोय त्यांनी जेवणाआधीच यावं.