चार खोल्यांचा धनी

कुपवाडची औद्योगिक वसाहत वाढली, तसा कामगारांच्या बिऱ्हाडांचा प्रश्न पुढें आला. मोकळ्या जागेंत चार खोल्या बांधाव्या, त्यांच्या भाड्यांतच कर्ज फेडावें, हा विचार संसारी माणसास तेथें सहज सुचतो.

समजा, एका गृहस्थानें दहा लाख रुपये ९ टक्के व्याजानें १५ वर्षांच्या मुदतीवर काढिले. दरमहाचा हप्ता सुमारें १०,१४३ रुपये. खोलीस ३,००० प्रमाणें भाडें १२,००० रुपये. हिशेब गोड दिसतो. परंतु एक खोली रिकामी पडली कीं हातीं ९,०००च येतात. घरपट्टी व पावसाळ्यांतील गळती निराळीच. प्राप्तिकरांत घरपट्टी वजा जातां उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सूट मिळते, हा एक दिलासा.

‘ओळखीचाच माणूस, कागद कशाला?’ ही भीड तर फारच महाग पडते. ३१ मार्च २००० पासून अमलांत असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें करार लेखी व नोंदलेला हवा, जबाबदारी मालकाची. तो नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल तीच अट खरी मानिली जाते.

भाडें थकलें म्हणून रागानें नळ तोडावा, तर सबळ कारणावांचून पाणी वा वीज तोडणें हा गुन्हा आहे. भाडेकरूस लेखी नोटीस द्यावी आणि नव्वद दिवस थांबावें, तेव्हां कोठें दाव्याचा मार्ग मोकळा होतो. त्या तीन महिन्यांचे हप्ते मात्र बँकेस वेळेवरच हवे असतात.